माऊसच्या बटणांना काम नेमून द्या, आणि ते माऊसमध्येच सेव्ह करा

माऊसच्या साइड बटणाला गेममधला ग्रेनेड लावलाय, घरी एकदम मस्त चालतोय, आणि तोच माऊस उचलून भंवरकुआंच्या गेमिंग कॅफेत नेला की ते बटण परत साधं "बॅक" होऊन बसतं. इंदूरच्या आपल्या मराठी पोरांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकू. माऊस बिघडलेला नसतो आणि दुकानदारानेही काही चुकीचं दिलेलं नसतं. तुम्ही केलेली सेटिंग माऊसमध्ये गेलेलीच नसते, ती घरच्या कॉम्प्युटरवर राहिलेली असते आणि तुम्ही फक्त माऊस घेऊन निघालेले असता. हे का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून आधी थोडं आत डोकावू आणि मग बटणं लावायला बसू.

माऊसच्या आत एक छोटी चिप असते, खाली हालचाल मोजणारा सेन्सर असतो, आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्विच असतो. तुम्ही बटण दाबलं की चिपला फक्त एवढंच कळतं की अमुक नंबरचा स्विच दाबला गेला. मग ती चिप यूएसबीवरून कॉम्प्युटरला निरोप पाठवते: डावं क्लिक दाबलंय, माऊस इतका उजवीकडे सरकला, चाक एक घर फिरलं. कॉम्प्युटर ठरलेल्या वेळाने विचारत राहतो आणि माऊस उत्तर देत राहतो, साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला, आणि गेमिंग माऊस बहुतेक करून १००० वेळा म्हणजे दर मिलिसेकंदाला. ह्यालाच पोलिंग रेट म्हणतात, आणि ही सेटिंगसुद्धा माऊसमध्ये ठेवता येते, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं.

आता खरा मुद्दा. बटणाचं काम बदलायचे रस्ते दोन आहेत. एक म्हणजे कॉम्प्युटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर चालू ठेवायचं. मग माऊस फक्त "चार नंबर दाबला" असं सांगतो, आणि चार नंबर म्हणजे ग्रेनेड, म्हणजे कीबोर्डवरची जी, हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि विंडोजला ती की दाबल्याचं कळवतं. दुसरा रस्ता म्हणजे माऊसच्या चिपजवळ जी छोटीशी फ्लॅश मेमरी असते तिच्यातच लिहून टाकायचं की चार नंबर म्हणजे जी. मग माऊस स्वतःच जी पाठवतो, कॉम्प्युटरवर काहीही लागत नाही. सानंदच्या नाटकाला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल: पहिल्या रस्त्यात नट प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा आहे, दुसऱ्यात त्याचं पाठांतर झालेलं आहे. दुसऱ्या गावच्या स्टेजवर प्रॉम्प्टर बरोबर नसेल तर कोण अडेल ते सांगायला नको. ही पाठांतराची जागा म्हणजे ऑनबोर्ड मेमरी.

फ्लॅश मेमरी म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये असते त्याच जातीची, वीज गेली तरी लिहिलेलं राहतं. वायरलेस माऊसची बॅटरी काढून महिनाभर ड्रॉवरमध्ये ठेवला तरी प्रोफाइल, म्हणजे तुम्ही लावलेल्या सेटिंगचा संच, जात नाही. आणि ते प्रोफाइल माऊसमध्ये असतं, त्या छोट्या यूएसबी डोंगलमध्ये नाही, म्हणजे डोंगल हरवून नवीन पेअर केला तरी तुमची बटणं तशीच राहतात. काही जण विचारतात की सारखं लिहून लिहून मेमरी खराब होईल का, तर अशा चिपची फ्लॅश साधारण दहा हजार किंवा त्याहून जास्त वेळा लिहायला बनवलेली असते, तुम्ही रोज एकदा बदललं तरी माऊसचे स्विच आधी जातील, मेमरी नाही.

एक गंमत आहे जी मला फार आवडते. गेमिंग माऊस यूएसबीला लावला की तो कॉम्प्युटरला आपली ओळख फक्त माऊस म्हणून देत नाही, बरोबर कीबोर्ड म्हणूनही देतो. विश्वास नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डची यादी उघडा आणि माऊस लावून-काढून बघा, एखादा जास्तीचा कीबोर्ड येतो आणि जातो. ह्याच कारणाने माऊसचं बटण कंट्रोल-सी पाठवू शकतं आणि विंडोजला तो खऱ्या कीबोर्डवरून आला की माऊसवरून ह्याने काही फरक पडत नाही. यूएसबीच्या नियमात प्रत्येक कीला एक नंबर ठरलेला आहे, ए म्हणजे ४, बी म्हणजे ५, सी म्हणजे ६, असं करत झेड म्हणजे २९, आणि डावा कंट्रोल २२४. तर माऊसच्या मेमरीत "कॉपी" असं काही लिहिलेलं नसतं, तिथे एवढंच असतं की पाच नंबरचं बटण दाबलं की डावा कंट्रोल धर आणि ६ पाठव.

हे आपल्यासारख्या मराठीत टाइप करणाऱ्यांना नीट समजून घेणं फार गरजेचं आहे. माऊस अक्षर पाठवत नाही, कीच्या जागेचा नंबर पाठवतो, आणि त्या जागेवर कुठलं अक्षर आहे ते विंडोजमध्ये त्या वेळी चालू असलेली भाषा ठरवते. इंग्रजी चालू असेल तर १४ नंबर म्हणजे के, आणि इन्स्क्रिप्ट मराठी चालू असेल तर त्याच १४ नंबरचा क होतो. म्हणून चॅटमध्ये जीजी (गुड गेम) लिहायचा मॅक्रो, म्हणजे एका बटणावर अनेक कीजचा क्रम, बनवला आणि कीबोर्ड मराठीवर राहिला तर जीजीच्या जागी दोन उकार उमटतात, कारण इन्स्क्रिप्टमध्ये जीच्या जागेवर ऱ्हस्व उकाराची खूण आहे. ह्याचाच उलटा अर्थ असा की "नमस्कार" हा शब्द माऊसमध्ये थेट सेव्ह करता येत नाही, पण इन्स्क्रिप्टमध्ये नमस्कार लिहिताना ज्या कीज ज्या क्रमाने दाबता तो क्रम सेव्ह करता येतो, आणि मराठी चालू असताना तो बरोबर उमटतो. फोनेटिक वापरत असाल तर मात्र ते सॉफ्टवेअर स्पेलिंग बघून अक्षर बनवतं, तिथे मॅक्रो फार भरभर गेला तर कधीकधी शब्द अर्धवट राहतो, मी तिथे मॅक्रोच्या भानगडीत पडू नका असंच सांगतो. कंट्रोलबरोबरचे शॉर्टकट सहसा दोन्हीकडे चालतात, त्याची काळजी नाही.

मग काय मावतं आणि काय नाही? जे काम माऊस एकटा, कोणालाही न विचारता करू शकतो ते सगळं ऑनबोर्ड जातं: क्लिक इकडचं तिकडे करणं, कीबोर्डची कुठलीही की, कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट लावून केलेला शॉर्टकट, आवाज कमी-जास्त, गाणं थांबवणं, डीपीआय (हालचाल किती बारीक मोजायची तो आकडा) बदलणं, प्रोफाइल बदलणं, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये छोटे मॅक्रो. ज्याला कॉम्प्युटरवर काय चाललंय ते माहीत असावं लागतं ते जात नाही. व्हॅलोरंट उघडला की आपोआप व्हॅलोरंटचं प्रोफाइल लागावं, हे माऊसला जमणार नाही कारण समोर कुठला गेम आहे हे त्याला दिसतच नाही. एखादं ॲप उघडायचं बटण, डिस्कॉर्ड ह्या गप्पांच्या ॲपमध्ये म्यूट करायची खास जोडणी, लॉजिटेक कंपनीच्या जी हब ह्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या लुआ स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम), हे सगळं सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच. डिस्कॉर्डचं एक सोपं आहे, डिस्कॉर्डमध्येच म्यूटसाठी एखादी कधी न लागणारी की नेमून ठेवा आणि माऊसच्या बटणाला तीच की लावा, म्हणजे काम ऑनबोर्ड होतं. अवघड वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टींना हाच तोडगा लागू होतो: हुशारी गेममध्ये किंवा ॲपमध्ये ठेवा आणि माऊसला फक्त एक साधी की द्या. मी तर म्हणेन की शक्यतो असंच करा, सॉफ्टवेअर लागत असेल तरीही.

खरेदीचं थोडक्यात. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाल तर प्रत्येक माऊसवर गेमिंग लिहिलेलं दिसेल, लाइट लागतात म्हणून तो प्रोग्राम करता येईल असं नाही. बॉक्सवर ऑनबोर्ड मेमरी किंवा ऑनबोर्ड प्रोफाइल हे शब्द शोधा आणि प्रोफाइल किती ते बघा, कुठे एक असतं, कुठे पाच. उदाहरणार्थ लॉजिटेकच्या जी ५०२ हीरोमध्ये ११ बटणं आणि ५ प्रोफाइल. बऱ्याच जणांचं एका प्रोफाइलमध्ये भागतं, त्यामुळे फक्त प्रोफाइलच्या आकड्यासाठी पैसे घालू नका. आणखी एक, आपल्याकडे जी १०२ विकतात त्यालाच अमेरिकेत जी २०३ म्हणतात आणि आपला जी ३०४ म्हणजे तिकडचा जी ३०५, तर व्हिडिओ शोधताना दोन्ही नंबर टाकून बघा, नाहीतर आपल्या माऊसबद्दल कोणी काही सांगितलेलंच नाही असं वाटत राहतं.

आता प्रत्यक्ष बसा, पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक कागद घ्या. माऊसचं वेडंवाकडं चित्र काढा आणि प्रत्येक बटणासमोर लिहा की काय हवंय. हे मी मनापासून सांगतोय, कारण स्क्रीनवर बसून विचार करणारे दहा गोष्टी लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातली कुठली कुठे हे त्यांनाच आठवत नाही. सुरुवातीला दोनच बटणं बदला, अंगठ्याजवळची दोन. अंगठ्याची ती दोन बटणं हालचाल करताना सगळ्यात सहज दाबली जातात आणि निशाणा हलत नाही, म्हणून जे काम लढाईच्या मधोमध लागतं ते तिथे द्या, आणि जे मॅचमध्ये एकदा-दोनदा लागतं ते चाकाजवळच्या बटणाला. चाक दाबून होणाऱ्या क्लिकला नेम धरायच्या वेळचं काम देऊ नका, दाबताना चाक फिरतं आणि हत्यार बदलतं.

लॉजिटेकच्या जी हबमध्ये माऊसच्या चित्रावर क्लिक केलं की असाइनमेंट्स दिसतात, तिथे डावीकडच्या यादीतून काम ओढून बटणावर टाकायचं. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. इथेच थांबतात, हीच अडचण आहे. हे प्रोफाइल अजून कॉम्प्युटरवर आहे. पुढे माऊसच्या सेटिंगमध्ये ऑनबोर्ड मेमरीचे स्लॉट असतात, त्यातल्या स्लॉटमध्ये हे प्रोफाइल निवडायचं, आणि मग ऑनबोर्ड मेमरी मोड चालू करायचा. तो मोड चालू केला की माऊस सॉफ्टवेअरचं ऐकणं सोडून आपल्या मेमरीतलं ऐकतो. व्हर्जन बदलला की ही बटणं स्क्रीनवर इकडची तिकडे सरकतात पण नावं हीच राहतात. ज्यांना जी हब जड वाटतं त्यांच्यासाठी लॉजिटेकचाच ऑनबोर्ड मेमरी मॅनेजर नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, उघडायचा, मेमरीत लिहायचं, बंद करायचा. तो सगळ्या मॉडेलला चालत नाही, पण तुमच्या माऊसला चालत असेल तर मी तोच वापरायला सांगेन, कारण त्यात जे दिसतं ते खरोखर माऊसमधलं असतं, गोंधळाला जागाच नाही.

रेझर कंपनीच्या माऊसला त्यांचं सिनॅप्स हे सॉफ्टवेअर लागतं. तिथे प्रोफाइलच्या नावाजवळ मेमरी कार्डासारखं चिन्ह असतं, ते उघडून प्रोफाइल माऊसच्या स्लॉटवर टाकायचं. बॅसिलिस्क व्ही ३ सारख्या मॉडेलमध्ये माऊसच्या पोटाला एक छोटं बटण असतं, ते दाबलं की पुढचं प्रोफाइल लागतं आणि दिव्याचा रंग सांगतो की कितवं: पांढरा, लाल, हिरवा, निळा, आकाशी.

कमी किमतीच्या माऊसचं एका अर्थी बरं असतं. त्यांचं सॉफ्टवेअर साधं असतं, अप्लाय दाबलं की बहुतेक वेळा थेट माऊसमध्येच लिहिलं जातं, वेगळा मोड वगैरे काही नाही. त्रास एवढाच की प्रत्येक मॉडेलचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि दुसऱ्या मॉडेलचं टाकलं तर माऊस सापडतच नाही असं दाखवतं. माऊस उलटा करून खालचा मॉडेल नंबर अक्षर-न्-अक्षर बघा आणि कंपनीच्याच साइटवरून तेवढंच उतरवा, दुसऱ्या कुठल्या साइटवरून कृपा करून घेऊ नका. हल्ली काही कंपन्यांनी हे सगळं ब्राउजरमध्येच आणलंय, कंपनीचं पान उघडायचं, परवानगी द्यायची आणि माऊस तिथूनच प्रोग्राम होतो, क्रोममध्ये ही सोय २०२१ पासून आहे आणि एजमध्येही चालते. लिनक्सवाल्यांसाठी पायपर नावाचा प्रोग्राम आहे, त्याच्या आत लिबरॅटबॅग काम करतं, आणि ते थेट माऊसची मेमरीच वाचतं-लिहितं. यादीत तुमचा माऊस असेल तर विंडोजपेक्षा तिथे काम स्वच्छ होतं, हे माझं प्रामाणिक मत.

डीपीआयबद्दल थोडं थांबून सांगतो कारण इथे अर्धी सेटिंग माऊसमध्ये आणि अर्धी बाहेर असते. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो ८०० पावलं मोजून सांगतो. हा आकडा माऊसच्या मेमरीत जातो, कुठेही न्या, ८०० म्हणजे ८००. पण त्या पावलांचं कॉम्प्युटर काय करतो ते त्या कॉम्प्युटरवर ठरतं. विंडोजमध्ये पॉइंटर स्पीडची पट्टी आहे, ११ खुणांची, त्यातली मधली सहावी खूण म्हणजे एका पावलाला एक पिक्सेल. शेजारी "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" अशी एक टिक आहे, ती चालू असेल तर माऊस भरभर हलवला की पॉइंटर प्रमाणापेक्षा जास्त पळतो. कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ती पट्टी कोणीतरी हलवलेली असते आणि मग "माझा डीपीआय सेव्ह झाला नाही" अशी तक्रार येते. डीपीआय सेव्ह झालेला असतो. पट्टी सहाव्या खुणेवर आणा, टिक काढा. नेमबाजीचे बरेच गेम रॉ इनपुट घेतात, म्हणजे विंडोजला बाजूला ठेवून थेट माऊसची पावलं वाचतात, तिथे ह्या पट्टीने फरक पडत नाही, पण गेमच्या आतली सेन्सिटिव्हिटी ती वेगळीच, ती गेममध्ये किंवा तुमच्या अकाउंटमध्ये असते. एवढे तीन थर लक्षात ठेवा. आणि माऊसमध्ये डीपीआयच्या पाच-पाच पायऱ्या ठेवू नका, एक किंवा दोन पुरे, कारण चुकून डीपीआयचं बटण दाबलं गेलं की पूर्ण राउंड हात वेड्यासारखा पळतो. मी तर म्हणतो पायरी एकच ठेवा आणि ते बटण दुसऱ्या कामाला मोकळं करा. लांबच्या निशाण्यासाठी हवंच असेल तर "डीपीआय शिफ्ट" बघा, बटण धरून ठेवलं तेवढा वेळ डीपीआय ४०० होतो, सोडलं की परत ८००, ह्यात विसरायची भीती नाही.

बटणं कमी पडत असतील तर दुसरा थर असतो, लॉजिटेक त्याला जी-शिफ्ट म्हणतं, रेझर हायपरशिफ्ट. एक बटण धरून ठेवायचं आणि मग बाकीच्या बटणांची दुसरी कामं चालू होतात, अगदी कीबोर्डच्या शिफ्टप्रमाणे. उपयोगी आहे, पण हाताला सवय लागायला वेळ जातो, आधी पहिला थर बोटांत बसू द्या. आणि प्रोफाइल एकाहून जास्त ठेवत असाल तर एक गोष्ट विसरू नका, ज्या माऊसला पोटाशी प्रोफाइलचं बटण नाही तिथे प्रोफाइल बदलण्याचं काम कुठल्यातरी बटणाला द्यावंच लागतं, आणि तेही प्रत्येक प्रोफाइलमध्ये. फक्त पहिल्यात दिलं तर दुसऱ्यात जाता येतं, परत येता येत नाही, आणि कॅफेत सॉफ्टवेअर नसताना मग अख्खा वेळ दुसऱ्याच प्रोफाइलवर काढावा लागतो.

मॅक्रो म्हणजे एका दाबण्यात अनेक कीजचा क्रम. रेकॉर्ड करताना तुम्ही की कधी दाबली, कधी सोडली, मध्ये किती वेळ गेला, सगळं नोंदलं जातं. मधला वेळ शून्य करायचा मोह होतो, तो आवरा. गेम ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवत, चालत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदाची, आणि बरेच गेम फ्रेमला एकदाच बघतात की कुठली की दाबलेली आहे. की दाबून-सोडून सगळं त्याच्या आत उरकलं तर गेमला काही कळतच नाही आणि मॅक्रो कधी चालतो कधी चालत नाही असं होतं. २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. धरून ठेवल्यावर चालणारा मॅक्रो ठीक, पण एकदा दाबलं की चालूच राहणारा, परत दाबल्यावर थांबणारा, तो प्रकार ऑनबोर्डला शक्यतो ठेवू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चुकून लागला तर आपोआप कीज दाबल्या जातात आणि समोरच्याला वाटतं कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आलाय.

आणि भिया, मॅक्रो जमतो म्हणून प्रत्येक गेममध्ये चालतो असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह ह्या कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक २ ह्या गेमसाठी स्पष्ट सांगितलं की एका दाबण्यातून एकापेक्षा जास्त हालचाली किंवा फायरिंगच्या क्रिया करून घेतल्या तर त्यांच्या ऑफिशियल सर्व्हरवर मॅचमधून बाहेर काढलं जाईल. काही पोरं म्हणतात की मॅक्रो माऊसच्या मेमरीत आहे, कॉम्प्युटरवर प्रोग्रामच नाही, मग कोणाला कळणार. गेमला प्रोग्राम दिसायची गरज नसते, कीज किती अचूक अंतराने येताहेत ते दिसतं, आणि माणसाचं बोट प्रत्येक वेळी बरोबर २० मिलिसेकंदाने दाबत नाही. नियम टळतो की नाही हा भाग वेगळा, समोर खेळणारा खरा हात चालवतोय तर आपणही खरा हात चालवावा असं मला मनापासून वाटतं. एक बटण, एक काम. एवढ्यात राहिलात तर सहसा कुठेच अडचण येत नाही, आणि कॉलेजच्या टूर्नामेंटमध्येही आधी नियम विचारून घेतलेले बरे.

गेमिंग माऊस म्हणून फक्त गेमिंगला ठेवू नका हे मात्र जोर देऊन सांगेन. घरात बाबा किंवा काका टॅलीवर बसत असतील, सियागंजातल्या एखाद्या पेढीचे हिशेब बघत असतील, तर ऑनबोर्ड मेमरी त्यांच्या खऱ्या कामाची आहे, कारण पेढीच्या कॉम्प्युटरवर शेठ काहीही इन्स्टॉल करू देत नाहीत. टॅलीत एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-८ सेल्स, एफ-९ पर्चेस. पेमेंट आणि रिसीट अंगठ्याखाली द्या, एक हात बिलांवर आणि एक माऊसवर राहतो. कंट्रोल-ए म्हणजे व्हाउचर सेव्ह, ते मात्र अंगठ्याला देऊ नका, अर्धवट भरलेलं व्हाउचर चुकून आत जातं आणि महिन्याच्या शेवटी कुठेतरी आकडा जुळत नाही. लग्नाच्या पत्रिका बनवणाऱ्यांना कोरल ड्रॉमध्ये कंट्रोल-जीने ग्रुप, कंट्रोल-डीने डुप्लिकेट आणि एफ-४ने सगळं स्क्रीनवर बसवणं, ही तीन बटणं दिवसभरात किती वेळा लागतात ते त्यांनाच विचारा.

डावखुऱ्यांसाठी तर ही गोष्ट फार मोलाची आहे. डावं-उजवं क्लिक विंडोजमध्ये बदललं तर ते फक्त त्या कॉम्प्युटरवर, आणि तुमच्यानंतर बसणाऱ्याला त्रास. माऊसच्या मेमरीत बदललं तर तुमचा माऊस तुमच्यासारखा आणि बाकी कॉम्प्युटर जसाच्या तसा. पण दोन्हीकडे बदलू नका, दोनदा उलटं केलं की परत सरळ होतं आणि मग कोणालाच काही समजत नाही.

सगळं झालं की तपासायची पद्धत एकच. माऊस काढा आणि ज्या कॉम्प्युटरवर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर कधीच टाकलेलं नाही तिथे लावा, शेजाऱ्याचा लॅपटॉप, कॉलेजची लॅब, कुठलाही. नोटपॅड उघडा आणि एकेक बटण दाबा. जी उमटला, कंट्रोल-व्हीने पेस्ट झालं, तर ते खरंच माऊसमध्ये आहे. आपल्याच कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर नुसतं बंद करून तपासू नका, खिडकी बंद केली तरी ते बरेचदा मागे चालूच असतं आणि बटण चालतंय असं वाटतं. आणि सॉफ्टवेअर लावलेल्या घरच्या कॉम्प्युटरवर परत आलात की बघा ऑनबोर्ड मोड अजून चालूच आहे ना, नाहीतर सॉफ्टवेअर आपलं जुनं प्रोफाइल पुढे करतं आणि तुम्ही काल लावलेलं गायब झाल्यासारखं दिसतं.

फर्मवेअर (माऊसच्या चिपमधला प्रोग्राम) अपडेट करायच्या आधी प्रत्येक प्रोफाइलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, अपडेटमध्ये मेमरी मूळ स्थितीला जाऊ शकते आणि मग तो कागद किंवा स्क्रीनशॉटच कामाला येतो. पासवर्ड कधीही मॅक्रोमध्ये ठेवू नका, सोय वाटते म्हणून पुष्कळ जण ठेवतात, पण माऊसच्या मेमरीला कुलूप नसतं, ज्याच्या हातात माऊस त्याने नोटपॅडमध्ये बटण दाबलं की पासवर्ड समोर. ह्याच कारणाने जुना माऊस मित्राला देताना किंवा विकताना सगळे स्लॉट रिस्टोअर डिफॉल्ट करा, पहिला स्लॉट साफ केला म्हणजे पाचही झाले असं समजू नका, एकेक उघडून बघा आणि मगच द्या.